झूमवरच्या गाण्याच्या क्लासात माइक शिट्टी मारतो, गुरुजींना इको येतो

तानपुरा_ॲप:
१२ बाय १० चा हॉल, खाली टाइल्स. टीपॉयवर विंडोज ११ चा लॅपटॉप, आवाजाला ब्लूटूथ स्पीकर. मुलीचा शास्त्रीय गाण्याचा क्लास झूमवर असतो, आजी स्वतःच्या फोनवरून त्याच मीटिंगला बसतात. त्या हॉलमध्ये आल्या की आधी घुमतं, मग कर्कश शिट्टी. फोन म्यूट केला तरी थांबत नाही. शिवाय गुरुजींना त्यांचाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येतो, आमच्याकडे मात्र सगळं स्वच्छ. झूमचं 'ओरिजिनल साउंड' (आवाज न गाळता जसाच्या तसा पाठवणारी सोय) चालू ठेवा असं त्यांनीच सांगितलंय. दोष कुणाकडे? नवा माइक घ्यावा का?

मंद्रसप्तक:
माइक घेऊ नका. दुखणी दोन आहेत, औषधंही दोन.

आधी शिट्टी. म्यूट केल्याने आजींच्या फोनचा माइक बंद होतो, स्पीकर नाही. मुलगी गाते, तिचा आवाज लॅपटॉपच्या माइकमधून झूमकडे जातो, तिथून आजींच्या फोनवर वाजतो आणि पुन्हा लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरतो. प्रत्येक फेरीत थोडा चढतो. फेरी इंटरनेटवरून होते म्हणून आधी 'वंऽ वंऽ' घुमतं आणि मग किंचाळतं. लॅपटॉपला हा आवाज कापता येत नाही, कारण स्वतःच्या स्पीकरला काय पाठवलं एवढंच त्याला माहीत असतं. शेजारच्या फोनवर काय वाजतंय ते त्याला कसं कळणार?

म्हणून आजींच्या फोनवर 'मोअर' मध्ये जाऊन 'डिस्कनेक्ट ऑडिओ' करा. चित्र दिसत राहील, आवाज लॅपटॉपचा ऐकतील. नुसता व्हॉल्यूम खाली ओढून भागत नाही, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कॉलचा आवाज शून्यापर्यंत जातच नाही. हाच क्लास गूगल मीटवर असता तर दुसऱ्या फोनसाठी 'कम्पॅनियन मोड' होता, त्यात माइक आणि स्पीकर दोन्ही मुळातच बंद असतात.

खर्ज_भरणारा:
इकोचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ज्याला इको ऐकू येतो त्याचं घर निर्दोष. ज्याच्याकडे सगळं 'स्वच्छ', तिथे घोळ. गुरुजींचा आवाज तुमच्या स्पीकरमधून तुमच्याच माइकमध्ये जातोय. पडताळा सोपा आहे: ते बोलत असताना मुलीला म्यूट करा. इको त्याच क्षणी गेला तर खात्री झाली.

कारणं दोन. झूम एरवी हा इको कापतं, पण 'ओरिजिनल साउंड' मध्ये ते कापणं बंद पडू शकतं. ऑडिओ सेटिंग्जमध्ये त्याखाली 'एको कॅन्सलेशन' चा वेगळा चौकोन आहे, तिथे खूण करा. 'ओरिजिनल साउंड' मात्र बंद करू नका. ते बंद केलं की झूमचं नॉइज सप्रेशन, म्हणजे गोंगाट गाळणं, सुरू होतं; ते सलग आवाजाला पंख्याची घरघर समजतं आणि तानपुरा गिळून टाकतं. गुरुजींनी सांगितलं ते त्याचसाठी.

दुसरं कारण ब्लूटूथ. तो आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा वाजवतो, उशीर कमीजास्तही होतो, त्यामुळे कापणाऱ्याचा हिशेब चुकतो. स्पीकरला ऑक्सची जागा असेल तर साडेतीन मिलिमीटरच्या वायरने जोडा. तो लॅपटॉपपासून ५-६ फूट लांब, आजींच्या जवळ ठेवा म्हणजे आवाज वाढवावा लागणार नाही. मुलीला लॅपटॉपजवळ बसवा. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत साधारण ६ डेसिबल फुकट मिळतात, खोलीत थोडे कमी.

एक_कान_उघडा:
गाणाऱ्याला खरा उपाय वायरचा इअरफोन, एकाच कानात. दुसरा कान स्वतःच्या स्वरासाठी मोकळा. पण मोकळं बोंडूक कॉलरमध्ये खोचून ठेवू नका, वायरवरचा माइक तिथेच लोंबत असतो आणि इको परत सुरू. ते पाठीमागे सोडा. मोठा हेडफोन असेल तर मोकळी वाटी कानामागे डोक्याला टेकलेली हवी, उघडी राहिली की गळते.

ब्लूटूथ इअरबड गाण्याला नकोच. त्याचा माइक चालू झाला की तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि तानपुरा लँडलाइनवरून आल्यासारखा लागतो.

तानपुरा_ॲप:
इअरफोन मुलीच्या कानात गेला तर आजींना काय ऐकू येणार? आणि आमचा तानपुरा तिसऱ्या फोनवर वाजतो, त्यानेही फेरी होते का?

मंद्रसप्तक:
तानपुऱ्याने नाही. तो फोन मीटिंगमध्येच नाही, त्यामुळे आवाज एकाच दिशेने जातो. माइकपासून दोनेक फुटांवर ठेवा, मुलीच्या आवाजाच्या खाली राहील इतपत.

आजींना दुसऱ्या खोलीत, दार लावून, फोनचा ऑडिओ पुन्हा जोडून माइक म्यूटवर बसवता येईल. हॉलमध्येच बसायचं असेल तर त्यांच्याही फोनला वायरचा इअरफोन आणि माइक म्यूट. फेरी स्पीकरमुळे होते, फोनमुळे नाही.

लिसन_टॅब:
एवढं करून मुलीला स्वतःचाच आवाज लॅपटॉपमधून ऐकू आला तर सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, 'मोअर साउंड सेटिंग्ज', रेकॉर्डिंग, माइकवर दोन क्लिक, 'लिसन' टॅब. 'लिसन टू धिस डिव्हाइस' वरची खूण काढा. शेजारच्या 'लेव्हल्स' मध्ये माइक बूस्ट +२० किंवा +३० असेल तर शून्यावर आणा. काही लॅपटॉपवर बूस्टची पट्टी दिसतच नाही, मग झूममधली 'ऑटोमॅटिकली ॲडजस्ट' ची खूण काढून हाताने कमी करा.

खर्ज_भरणारा:
टाइल्सवर सतरंजी आणि मागच्या भिंतीला गोधडी टांगली तर घुमणं कमी होईल. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला चिकटवू नका, रंग जातो आणि उपयोग नाममात्र.