ब्लूटूथ कंट्रोलर: एक दिसतच नाही, दुसरा सारखा तुटतो

निळं_बटण:
विंडोज ११, डेस्कटॉप. बोर्डात ब्लूटूथ नाही, म्हणून कॅबिनेटच्या मागे यूएसबी डाँगल लावलाय. एक्सबॉक्स वनचा जुना कंट्रोलर यादीत येतच नाही. ड्युअलशॉक ४ (प्लेस्टेशनचा कंट्रोलर) जोडला जातो, पण पाच फुटांवरून बटणं अडकतात, मधेच कनेक्शन जातं. शिवाय काही गेम त्याला ओळखत नाहीत. डाँगल बदलू का?

जुना_माउस:
इतक्यात नको. आधी एक्सबॉक्सचा मॉडेल नंबर बघा, सेल काढले की आतल्या स्टिकरवर असतो. १५३७ किंवा १६९७ असेल तर त्यात ब्लूटूथच नाही. त्याला एक्सबॉक्सचा वेगळा वायरलेस अडॅप्टर लागतो, नाहीतर सरळ मायक्रो यूएसबी केबल (डेटावाली, नुसती चार्जिंगची नव्हे). ब्लूटूथ १७०८ पासून आलं. तो असेल तर वरच्या कडेचं छोटं पेअर बटण तीन सेकंद दाबून ठेवा, लोगो भराभर लुकलुकायला लागला पाहिजे.

तुटण्याचं कारण बहुधा डाँगलची जागा. यूएसबी ३ पोर्टवर डेटा वाहताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो आणि ब्लूटूथ नेमकं तिथंच चालतं. शेजारी बाहेरची हार्डडिस्क लावली असेल तर विचारायलाच नको. त्यात पत्र्याचं कॅबिनेट मधे. मीटरभराची यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डाँगल टेबलावर, कंट्रोलरसमोर उघडा ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी टिकही काढा.

त्रिकोण_चौकोन:
ड्युअलशॉक आधी यादीतून रिमूव्ह करा. मग तो बंद असताना शेअर आणि पीएस ही बटणं एकत्र दाबून ठेवा, दिव्याची पट्टी दोन-दोनदा लुकलुकेपर्यंत. नुसतं पीएस दाबलं तर तो आधीच्याच यंत्राला शोधत बसतो. यादीत 'वायरलेस कंट्रोलर' एवढंच नाव दिसेल. तरी हटून बसला तर मागे एल२ जवळच्या बारीक भोकात टाचणीनं काही सेकंद दाबा, रीसेट होतो.

गेम न ओळखण्याचा डाँगलशी संबंध नाही. बऱ्याच गेमना फक्त एक्सइनपुट (एक्सबॉक्स कंट्रोलरची भाषा) कळतं, ड्युअलशॉक ते बोलत नाही. स्टीममध्ये कंट्रोलर सेटिंगमधून प्लेस्टेशन सपोर्ट चालू करा. स्टीमबाहेरच्या गेमसाठी डीएसफोरविंडोज (ड्युअलशॉकला एक्सबॉक्स कंट्रोलर भासवणारं सॉफ्टवेअर), सोबत त्याला लागणारा व्हिजेमबस ड्रायव्हर.

निळं_बटण:
१६९७ निघाला, केबलवर चालतोय. एक्स्टेन्शननं ड्युअलशॉक तुटायचा थांबला. पण डीएसफोरविंडोज टाकल्यापासून मेन्यूत एकदा खाली दाबलं की दोन ओळी सरकतात.

त्रिकोण_चौकोन:
गेमला खरा ड्युअलशॉक आणि सॉफ्टवेअरनं तयार केलेला एक्सबॉक्स, दोन्ही दिसतायत. हिडहाइड हे सॉफ्टवेअर टाकून खरा लपवा, पण डीएसफोरविंडोजला त्यातल्या परवानगीच्या यादीत घाला, नाहीतर त्यालाही तो दिसणार नाही. आणि स्टीममधला सपोर्ट बंद ठेवा. दोन्ही एकदम चालू ठेवले की हेच होतं.