चीज आणि शार्कुटरीच्या टेस्टिंगला पहिल्यांदाच जाताना

पोटोबा:
येत्या शनिवारी गाइडेड टेस्टिंग आहे. सहा चीज, तीन प्रकारचं मुरवलेलं मांस (शार्कुटरी), दीड तास. या विषयातलं काहीही कळत नाही. उपाशी जावं का? चीजची साल खायची की काढायची? आणि बरोबरची मैत्रीण शाकाहारी आहे, तिने काय विचारून घ्यावं?

खलबत्ता:
उपाशी अजिबात नको. प्रत्येक चीज वीस ग्रॅम धरलं तरी एकूण सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जातं, वर मांसाचे काप, आणि सगळंच खारट नि स्निग्ध. भुकेल्या पोटी पहिली दोन-तीन चीज भराभर संपतात आणि पुढे जिभेला फक्त मीठ लागतं. दोनेक तास आधी हलकं, अळणीकडे झुकणारं काही खा. जाण्याआधी तिखट, कॉफी, पुदिन्याच्या गोळ्या टाळा. अत्तर तर लावूच नका, शेजारच्याचंही नाक बाद होतं.

ताटलीतला क्रम मोडू नका. साधारण ताजं गोट चीज (शेळीच्या दुधाचं), मग मऊ ब्री, मग ग्रुयेरसारखी घट्ट, आणि शेवटी निळ्या बुरशीचं ब्लू असा तो असतो. ब्लू आधी खाल्लंत तर त्यानंतर गोट चीज खडूसारखं लागेल.

तुकडा मोडून आधी हुंगा. मग सावकाश चावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. सुकामेवा, लोणी, गवत वगैरे जे लोक सांगतात ते याच क्षणी कळतं, जिभेवर नाही. पहिला घास नुसता, मध-जॅम दुसऱ्या घासाला. मध्ये साधा पाव आणि पाणी, पण गार पाणी नको. त्याने जिभेवरची चरबी थिजते आणि पुढची चव झाकली जाते. चीज फ्रीजमधून नुकतंच काढलेलं वाटलं तर थोडं थांबा. थंडपणी वासही दबतो आणि पोतही रबरी लागतो.

साल_सोलणारी:
ब्री, कॅमेम्बर्टची पांढरी मऊ साल ही मुद्दाम वाढवलेली बुरशी असते, बिनधास्त खा. गौडाचं मेण आणि चेडरचं कापड काढायचं. पार्मिजानोची साल खाण्याजोगी असते, पण दात दुखतील. ती सूपमध्ये उकळायला ठेवतात. जुन्या पार्मिजानोत दाताखाली कचकच झाली तर ते मीठ नाही, टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक आहेत. चांगलं मुरल्याची खूण.

पोटोबा:
आणि भयंकर वास आला तर? खराब झालंय की तसंच असतं, कसं ओळखायचं?

साल_सोलणारी:
नारिंगी, चिकट सालीच्या चीजना मिठाच्या पाण्याने वारंवार पुसतात. त्यावर वाढणारे जिवाणू पायमोज्यांच्या वासाला कारणीभूत असणाऱ्यांच्याच कुळातले, त्यामुळे तो वास अपेक्षितच. आतला गर मात्र सहसा बराच सौम्य असतो. अमोनियाचा झणका वेगळा. वेष्टनात कोंडल्यामुळे आला असेल तर दहा-पंधरा मिनिटांत उडतो. तरीही डोळे चुरचुरत असतील तर ते चीज उतरलंय, सोडून द्या.

खलबत्ता:
मैत्रिणीने आधीच फोन करून रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारं विरजण, कुठलं ते विचारावं. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि अस्सल स्विस ग्रुयेर वासराच्या जठरातल्या रेनेटनेच बनतात; नुसतं 'मांस नाही' म्हटल्याने ही वगळली जाणार नाहीत. पोर्तुगालचं सेरा दा एश्त्रेला मात्र एका काटेरी झाडाच्या फुलांनी विरजतात. मैत्रिणीची ताटली आणि सुरी वेगळी मागा.

तुमच्यासाठी: प्रोश्युतो डुकराचं, ब्रेसाओला सहसा गोमांसाचं. प्रोश्युतोची पांढरी चरबी काढून टाकू नका, अर्धी चव तिच्यातच असते. सलामीवरची पांढरी भुकटी ही बुरशीच, पण आवरण जाड असेल तर सोलून घ्या. ही तिन्ही मांसं शिजवलेली नसतात, फक्त मिठात मुरवून वाळवलेली. गर्भवतींनी ती, पॅते (मांसाची किंवा काळजाची मऊ पेस्ट) आणि मऊ चीज, विशेषतः कच्च्या दुधाची, लिस्टेरिया या जिवाणूच्या धोक्यामुळे टाळावीत.