नोकरी सांभाळून तान्ह्या पोळ्याच्या झुली विकायच्या आहेत : परवानगी आणि किंमत याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्याकडे राहते आणि राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहे. गेली सहा वर्षे मी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांसाठी झुली शिवते आहे. पहिली झूल माझ्या मुलीच्या बैलाची होती. ती पाहून शेजारच्या दोघींनी मागितली, मग माहेरच्या नात्यात गेली, आणि मागच्या वर्षी तोंडी ओळखीवरच चौतीस झुली गेल्या. यंदा श्रावण लागण्याआधीच साठेक जणांनी विचारणा केली आहे. आता हे काम नीट, उघडपणे आणि हिशेबाने करावे असे मनापासून वाटते. म्हणून हा प्रश्न विचारते आहे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुले आपापले लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो आणि ठिकठिकाणी उत्तम सजवलेल्या बैलाला बक्षीसही असते. घरातला बैल वर्षानुवर्षे तोच असतो, काही घरांत तर आजोबांच्या वेळचा असतो. झूल मात्र मुलांना दर वर्षी नवी हवी असते. माझ्या कामाचा सगळा आधार एवढाच आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण परवानगीची आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम १६ प्रमाणे शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय शासकीय कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कोणताही व्यापार वा धंदा करता येत नाही. साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम, कर्तव्यात बाधा येत नसेल तर, मंजुरीशिवाय करण्याची मुभा त्याच नियमात आहे. कार्यालयातील काही सहकारी म्हणतात की झूल शिवणे ही कलाच आहे, तेव्हा अर्ज करून उगाच लक्ष वेधून घेऊ नये. दुसरे म्हणतात, सासूबाईंच्या नावावर दाखवा आणि मोकळ्या व्हा. सासूबाई त्याला तयारही आहेत. पण कापड मी बेतते, शिवण माझी, भाव मी सांगते आणि फोनही मलाच येतात. त्यात केवळ पावतीवर त्यांचे नाव लिहायला माझे मन घेत नाही. ज्या घरात मुलीला खरे बोलायला शिकवतो त्याच घरात हे करावे, हे मला पटत नाही. तेव्हा ज्यांनी रीतसर परवानगी मागितली असेल त्यांनी अर्जात नेमके काय लिहिले आणि कोणामार्फत पाठवला, ते कृपया सांगावे.

वेळेची तक्रार नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्यामुळे शनिवार आणि रविवार मोकळे मिळतात. इतर दिवशी पावणेदहा ते सव्वासहा कार्यालय असते, त्यामुळे रात्री जेवणे आटोपल्यावर फार तर तासभर मशीनवर बसता येते.

दुसरी अडचण किमतीची आहे आणि तिथे माझा गोंधळ अधिक आहे. साधारण नऊ इंची बैलाच्या एका झुलीला गांधीबागेतून आणलेले कापड बावीस रुपयांचे, काठाची लेस अठरा रुपयांची, मणी बारा रुपयांचे, घुंगरे दहा रुपयांची, दोरा व इतर पाच रुपये आणि पुठ्ठ्याचा डबा आठ रुपये, असे पंचाहत्तर रुपये लागतात. मी ती दीडशेला देते. कापड कापण्यापासून शेवटचे घुंगरू टाचण्यापर्यंत एक तास चाळीस मिनिटे जातात, म्हणजे तासाला पंचेचाळीस रुपये हाती येतात. इतवारीतील एका दुकानदाराने शंभर झुली एकदम मागितल्या, पण नगाला पंचाण्णव रुपये देऊ केले. त्या हिशेबाने माझ्या एका तासाचे बारा रुपये होतात. मी त्यांना अजून उत्तर दिलेले नाही. एकरकमी मागणीचा मोह होतो, हे प्रामाणिकपणे लिहिते. पण भाव वाढवून सांगितला तर ‘बैलाच्या झुलीला एवढे?’ असे ओळखीचेच लोक म्हणतील, ही धास्तीही आहे.

इथे एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण माझा खर्च त्यामुळेच वाढला. तिसऱ्या वर्षी मी लाल कापड न धुता तसेच वापरले होते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी सर आली. एका मुलाचा बैल पांढऱ्या रंगाचा होता. झूल भिजली आणि पाठीपासून पोटापर्यंत लाल ओघळ उतरले. त्याने हाताने ते पुसायचा प्रयत्न केला, तसा रंग आणखी पसरला. त्याच्या आईने मला एक शब्दही ऐकवला नाही, पण तो मुलगा बैल उराशी धरून पायरीवर बसला होता, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक गडद कापड आधी धुऊन वाळवते, मग पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासून पाहते; रुमालाला जरा जरी रंग लागला तरी ते कापड झुलीला घेत नाही. यात कापडही वाया जाते आणि वेळही जातो. हा वेळ मी वरच्या हिशेबात धरलेला नाही. तो किमतीत कसा धरतात?

तिसरा प्रश्न लहान आहे. माझी बहीण छिंदवाड्याला असते आणि तिकडूनही मागणी आहे. वस्तूंच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची चाळीस लाखांची मर्यादा आहे, तिच्या जवळपासही मी जाणार नाही. पण परराज्यात माल पाठवला तर विक्री कितीही असो, नोंदणी लागते असे ऐकले. झुलीसारख्या वस्तूलाही ते लागू होते का?

प्रतिसाद १

ताई, मी आस्थापना शाखेत बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. कलात्मक प्रासंगिक कामाच्या सवलतीवर विसंबू नका. घरच्या मुलांना चार झुली शिवून देणे निराळे. भाव ठरवून साठ मागण्या घेतल्या की तो व्यापार होतो. सासूबाईंचे नाव घालण्याबद्दल तुमचे मन सांगते तेच नियमही सांगतो, कारण त्यात ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द आहे. शिवाय कुटुंबातील व्यक्ती खरोखरच धंदा करीत असेल तरी त्याची माहिती शासनाला द्यावी लागते.

अर्ज आपल्या कार्यालयप्रमुखांमार्फत, योग्य मार्गाने, नियुक्ती प्राधिकाऱ्यांकडे करावा. काय बनवता, वर्षातून किती दिवस, कोणत्या वेळेत, अंदाजे किती रकमेची विक्री, हे आकड्यांसह लिहावे. कार्यालयाची वेळ, दूरध्वनी, कागद किंवा जागा वापरणार नाही आणि कामानिमित्त कार्यालयात येणाऱ्या लोकांना विक्री करणार नाही, अशी हमी आपणहून द्यावी. मंजुरी देणाऱ्याला प्रथम हीच शंका येते. आवक क्रमांकासह पोच जपून ठेवा. उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली, असे मात्र समजू नका.

प्रतिसाद २

मी संक्रांतीच्या वाणासाठी कापडी बटवे करते, त्या अनुभवावरून लिहिते. दुकानदाराला नम्रपणे नाही म्हणा. पंचाण्णवला शंभर झुली शिवायला तुमचे एकशे सहासष्ट तास जातील, म्हणजे श्रावणातले सगळे शनिवार-रविवारही पुरणार नाहीत. कापड धुणे, वाळवणे, रंग तपासणे याची एका दिवसाची वेळ मोजा, त्या दिवशी जितक्या झुलींचे कापड तयार झाले त्यांत ती वाटा आणि वाया गेलेले कापडही त्यातच धरा. माझ्या मते तुमची झूल दोनशे वीसच्या खाली जाऊ नये. ‘पावसात रंग जाणार नाही’ एवढे वाक्य डब्यावर लिहा. पोळा पावसाळ्यात येतो, हे प्रत्येक आईला ठाऊक असते.

छिंदवाड्याचे म्हणाल तर अधिसूचित (म्हणजे शासनाने यादीत जाहीर केलेल्या) हस्तकला वस्तूंना आंतरराज्य विक्रीत मर्यादेपर्यंत नोंदणीतून सूट आहे. वस्तू मुख्यतः हाताने घडवलेली असावी, साधन किंवा यंत्र थोडे वापरले तरी चालते. मात्र पॅन आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा परवाना) लागते. तुमची शिवण मशीनवर होते आणि मण्यांचे काम हाताने, तेव्हा ती वस्तू यादीत बसते की नाही हे कर सल्लागाराला नमुना दाखवूनच ठरवा. आणि नोकरीबरोबर धंद्याचे उत्पन्न आले की तुम्हाला आयटीआर-१ (पगारदारांचे साधे प्राप्तिकर विवरणपत्र) भरता येणार नाही, हेही त्यांच्याकडून समजून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. दुकानदारांना आज नकार कळवला. अर्जाचा मसुदा आज रात्री लिहिते आणि सोमवारी कार्यालयप्रमुखांच्या हाती देते. मंजुरी येईपर्यंत कोणाकडूनही पैसे घेणार नाही, तसे साठही घरांना फोन करून सांगते आहे; अकरा फोन झाले, त्यांतील आठ जणी पुढच्या वर्षासाठी नाव लिहून ठेवा म्हणाल्या. तिसऱ्या वर्षीचा तो मुलगा आता सातवीत आहे. त्याच्या धाकट्या भावासाठी त्याच पांढऱ्या बैलाची झूल मात्र मी यंदा शिवते आहे, तिचे पैसे घ्यायचे नाहीत. कापड दोनदा धुऊन दोरीवर टाकले आहे.

काकांना एकच विचारायचे राहिले : अर्जासोबत झुलीचे छायाचित्र जोडावे का, की नुसते वर्णन पुरेसे होईल?