नव्या गेकोने अन्न सोडल्याबद्दल

घरी आणून आठवडा झाला तरी लेपर्ड गेको (पाळली जाणारी ठिपकेदार पाल) अळीला तोंड लावत नाही, तेव्हा जबडा उघडून भरवावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते मुळीच करू नये. प्रौढ आणि अंगाने भरलेला गेको नव्या जागी एक-दोन आठवडे उपाशी राहिला तरी त्याला सहसा अपाय होत नाही, कारण त्याची चरबी शेपटीत साठलेली असते. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतका धीर धरता येत नाही.

मला शंका येते ती तापमानाची. इंदूरमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि पुरेशी ऊब मिळाल्याशिवाय या प्राण्याचे पचन नीट चालत नाही. म्हणून पेटीच्या उबदार बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सियस आहे ना, हे काचेवर चिकटवलेल्या तापमापकावर विसंबून न राहता जमिनीला टेकवलेल्या प्रोबने (तापमापकाच्या तारेच्या टोकाला असलेल्या संवेदकाने) पाहावे. हीटिंग पॅड थर्मोस्टॅटविना (तापमान आपोआप आवरणाऱ्या उपकरणाविना) लावू नये, पोट भाजते. दोन्ही बाजूंना लपायला जागा हवी, आणि कौतुकाने हातात घेणे (घरात मुले असतील तर हे अवघडच) तूर्त थांबवावे. अन्न संध्याकाळी द्यावे व न खाल्लेले रातकिडे काढून घ्यावेत, कारण ते गेकोलाच चावतात.

शेपूट बारीक होऊ लागली किंवा विष्ठा पातळ झाली, तर ताजी विष्ठा डबीत घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा. इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येईल.