अनुभव धागा: 'एलिट' आणि त्या पिढीतले अंतराळ-व्यापाराचे खेळ

धागाकर्ता
सप्टेंबर १९८४ मध्ये एकॉर्नसॉफ्टने बीबीसी मायक्रो या संगणकासाठी 'एलिट' काढला. इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबन या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ३२ केबी मेमरीत आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, बाजार, चाचे आणि पोलीस बसवले. आपल्याकडे शाळांच्या 'क्लास' प्रकल्पात हीच यंत्रं आली आणि १९८६ मध्ये स्पेक्ट्रम प्लस हा दुसरा घरगुती संगणकही परवाना घेऊन इथे निघाला, तेव्हा जाणकार मंडळी असणारच. 'काय दिवस होते ते' एवढंच लिहून थांबू नका. आज खेळ लावून बसणाऱ्याच्या कामी येईल असं लिहा: माल कुठला, भाव काय, आधी काय विकत घ्यायचं, मरतो कुठे आणि का. फ्रंटियर ('एलिट'चा पुढचा भाग) किंवा प्रायव्हेटीअर हा तसाच खेळही चालेल.

हिशेबनीस
सुरुवात लावे ग्रहावर. हातात १०० क्रेडिट, टाकी भरलेली, जागा २० टनांची. पहिल्या बाजारात धान्य ३.६ भावाने मिळतं, पण १६ टनच. ते सगळं उचला, ५७.६ झाले. उरलेल्या चार टनांत ६ च्या भावाचं कापड, त्याचे २४. शिल्लक १८.४ मध्ये पुढचं इंधन बसतं, कारण प्रकाशवर्षाला २ क्रेडिट आणि सात प्रकाशवर्षांची अख्खी टाकी १४ ला. माल झाओन्सला उतरवा. तिथे धान्य ६.८ ते ७.२ आणि कापड ७.६ ते ८.८, म्हणजे खेपेला ५८ ते ६९ सुटतात. परतताना साधारण ६८ च्या भावाने दोन टन संगणक घ्या, लावेला ते नव्वदीला जातात. रीडक्वाट जवळ आहे म्हणून तिकडे वळू नका. तिथे अराजक आहे, सुरुवातीच्या पल्स लेझरवर टिकाव लागत नाही.

पैसे साठले की लीस्ती आणि डिसो या ग्रहांमध्ये फेऱ्या मारा. हा मार्ग इतका पक्का का, ते भावाच्या सूत्रात दिसतं. ग्रहाच्या अर्थव्यवस्थेला ० ते ७ क्रमांक आहे: ० म्हणजे श्रीमंत औद्योगिक, ७ म्हणजे गरीब शेतीप्रधान. मूळ किंमत, अधिक क्रमांक गुणिले मालाचा उतार (एका क्रमांकामागे किंमत किती बदलते तो आकडा), अधिक थोडा यदृच्छ आकडा, आणि या सगळ्याला ०.४ ने गुणायचं. संगणकाची मूळ किंमत १५४, उतार १४, यदृच्छ भाग फक्त ० ते ३. म्हणून लीस्तीला (क्रमांक २) भाव ७२.८ ते ७४ आणि डिसोला (क्रमांक ६) ९५.२ ते ९६.४. टनामागे २१ तरी मिळणारच, तोटा शक्यच नाही.

उलट दिशेला बरेच जण फर भरतात. फरचा यदृच्छ भाग ० ते ६३ आहे, म्हणजे भावात २५ क्रेडिटपर्यंत फरक. डिसोला ७४ ला घेऊन लीस्तीला ६३ ला विकायची वेळ येऊ शकते. डिसोला ६० च्या वर भाव दिसला तर फर सोडा आणि मद्य भरा. टनामागे सरासरी ८ च मिळतात, पण अगदी वाईट खेपेलाही २ सुटतात.

पांढरा_पाल
अमली पदार्थांचं राहिलं. मूळ किंमत २३५, उतार २९, आणि बेरीज एकाच बाइटमध्ये ठेवलेली. बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो, ते ओलांडलं की आकडा पुन्हा शून्यापासून मोजला जातो. म्हणून एका ग्रहावर ३ क्रेडिट आणि दुसरीकडे नव्वद असा वेडा भाव दिसतो. स्वस्त दिसला तरच घ्या. शस्त्रं, गुलाम आणि हा माल भरून स्टेशनातून निघालात की पोलिसांकडची नोंद बिघडते आणि पोलीस मागे लागतात. नोंद फारच खराब झाली तर १००० ची सुटका-कुपी वापरा. माल जातो, पण नवं जहाज मिळतं आणि नोंद कोरी होते.

रडारवरचा_ठिपका
खरेदीच्या क्रमावर माझं मत: आधी ४०० चं मोठं गोदाम (३५ टन), मग ६०० चं ईसीएम (येणारी क्षेपणास्त्रं फोडणारं यंत्र), मग पुढचं बीम लेझर १००० ला. डॉकिंग संगणक (जहाज आपोआप स्टेशनात नेणारा) १५०० चा आहे, तो सगळ्यांत शेवटी. ईसीएम वर ठेवायचं कारण असं की समोरची भरलेली ढाल एका क्षेपणास्त्रात जवळजवळ संपते, दुसरं थेट ऊर्जेच्या पट्ट्यांवर येतं. मात्र ईसीएम चालू असताना स्वतःची ऊर्जा खातं आणि आपणच सोडलेलं क्षेपणास्त्रही फोडतं. इशारा आल्याशिवाय दाबू नये.

नवख्यांचा नेम चुकतो त्याचं कारण वेगळंच आहे. या जहाजाला डावी-उजवीकडे वळता येत नाही, फक्त लोळता येतं आणि नाक वर-खाली करता येतं. शत्रू केंद्राच्या बरोबर वर किंवा खाली येईपर्यंत लोळा, मग नाक उचला. दोन्ही कळा एकदम दाबल्या की तो गोल गोल फिरत राहतो. लेझर सलग चालवलं तर तापून बंद पडतं, थांबून थांबून मारा. 'एलिट' दर्जाला ६४०० बळी लागतात, २५६० ला 'डेडली'. मधला टप्पा खरोखर कंटाळवाणा आहे.

बोळातून_आत
डॉकिंग संगणक शेवटी, याला +१. हातानेही जमतं. स्टेशनचं दार कायम ग्रहाकडे असतं. म्हणून आधी स्टेशनला वळसा घालून ग्रह आणि स्टेशनच्या मधे या, बरंच अंतर ठेवा, मग मागे वळा. दार बरोबर मध्यात आणा, वेग अगदी कमी करा. फिरण्याशी फिरणं जुळवत बसायची गरज नाही. बीबीसीवर तपासणी फक्त शिरण्याच्या क्षणी होते: नाक दाराकडे सरळ आहे का आणि फट साधारण आडवी आहे का. तिरकं येणं हेच बहुतेक अपघातांचं कारण. वेग अगदी नाममात्र असेल तर धडकेत ढाल थोडी झिजते, जीव वाचतो.

भिंगवाला
स्पेक्ट्रमवाल्यांनो, लेन्सलॉक, म्हणजे चोरट्या प्रती रोखायची ती युक्ती! पडद्यावरची विस्कटलेली अक्षरं प्लास्टिकच्या त्या भिंगातून वाचायची. आधी कळांनी चित्राची रुंदी भिंगाएवढी करून घ्यायची. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला तर ती जुळतच नसे. काही शे पेट्यांत तर भिंगच चुकीचं गेलं होतं.

बीजगणित
आकाशगंगा आठच का? अख्खी आकाशगंगा तीन १६-बिट बीजांतून (सुरुवातीच्या आकड्यांतून) निघते. पुढच्या आकाशगंगेसाठी बीजांचा प्रत्येक बाइट एक बिट डावीकडे फिरवतात. आठ वेळा फिरवला की पहिलाच बाइट परत. ५००० चं गॅलॅक्टिक हायपरड्राइव्ह (पुढच्या आकाशगंगेत नेणारं इंजिन) आठ वेळा घेतलं की तुम्ही पुन्हा पहिल्या आकाशगंगेत. नावंही अशीच दोन-दोन अक्षरांच्या तुकड्यांतून जुळतात: झाओन्स म्हणजे ZA-ON-CE, लीस्ती म्हणजे LE-ES-TI.

ट्रम्बलग्रस्त
कमोडोर ६४ या संगणकावरच्या आवृत्तीत कुणी ५००० ला ट्रम्बल (जहाजात भराभर वाढणारा केसाळ प्राणी) विकायला आला तर नाही म्हणा. घेतलाच असेल तर सूर्याजवळ जा, उष्णतेने मरतात. केबिनच्या तापमानाचा पट्टा भरायच्या आत मागे फिरा, नाहीतर त्यांच्याबरोबर आपणही.

न्यूटनचा_शिष्य
१९९३ चा फ्रंटियर एलिटच्या सवयीने खेळू नका. इंजिन बंद केलं तरी जहाज त्याच वेगाने जातच राहतं. अर्ध्या वाटेवर नाक उलटं करून तितकाच वेळ मागे जोर द्यावा लागतो. लढाईत समोरासमोर जाऊन एकमेकांना पार करत बसलात तर काही लागत नाही, आधी शत्रूच्या वेगाशी वेग जुळवा. ऑटोपायलटवर वेळ १०,००० पट करून सोडून दिली तर जहाज ग्रहात घुसतं, शेवटच्या टप्प्यात पट कमी करा. लष्करी इंजिनाचा किरणोत्सारी कचरा वाटेत टाकणं गुन्हा आहे, स्टेशनवर पैसे भरून उतरवा. आणि ती प्रसिद्ध गंमत: उडीचं अंतर प्रकाशवर्षाच्या शंभराव्या भागात, १६ बिटांत मोजलं जातं. म्हणून सुमारे ६५५.३६ प्रकाशवर्षांवरचा तारा खेळाला शेजारी वाटतो आणि उडी बसते.

नवा_कमांडर
हे सगळं आज कशावर चालवायचं?

रडारवरचा_ठिपका
बीबीसीची आवृत्ती ब्राउझरमध्येच जेएसबीब (jsbeeb) या बीबीसी मायक्रोची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर चालते. डिस्क प्रतिमा लावा, शिफ्ट धरून एफ१२ दाबा, कारण ब्रेकची कळ तिथे आहे. कॅसेटची नको, डिस्कचीच घ्या. कॅसेटमध्ये जहाजांचे प्रकार कमी आहेत आणि मोहिमा नाहीत. खेळ स्टेशनवर असतानाच साठवता येतो. डॉसचे खेळ डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम) फार जोरात पळत असतील तर कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग उतरवा, प्रायव्हेटीअरच्या लढायांना तर हे लागतंच.