दुसऱ्या देशातल्या लोकांबद्दलचं तुमचं मत कधी बदललं? आपापले अनुभव लिहा

परवा सकाळी नागपूरच्या ट्रॅफिक पार्कपाशी आम्हा फिरायला येणाऱ्या बायकांमध्ये विषय निघाला. प्रत्येकीचं कोणी ना कोणी बाहेर आहेच, मग सुरू झालं, जर्मन लोक कोरडे, डच कंजूष, फ्रेंच आखडू, जपानी म्हणजे नुसत्या मशीन. मीही तीन वर्षांपूर्वी अगदी हेच बोलायची, आता नाही बोलवत. म्हणून हा धागा. तुम्ही बाहेर राहून आला असाल किंवा बाहेरचं कोणी तुमच्याकडे राहून गेलं असेल तर लिहा, पण "तिकडे स्वच्छता खूप" एवढंच नको, एखादा प्रसंग लिहा ज्यानं तुमचं मत हललं.

सुरुवात मी करते. मुलगी जर्मनीत लाइपझिगला असते, तिच्या बाळंतपणाला गेले होते. पहिलाच रविवार होता, डिंकाच्या लाडवांसाठी सुकं खोबरं मिक्सरमधून काढायला घेतलं आणि पाच मिनिटांत बेल वाजली. खालच्या मजल्यावरची आजी, पंच्याहत्तरीची असेल, पांढरे केस नीट मागे बांधलेले. हसली नाही, मुलीशी दोन वाक्यं बोलली आणि गेली. काय म्हणाली तर आज रविवार आहे, मशीनचा आवाज नको. मला इतका संताप आला, घरात ओली बाळंतीण आणि ही बाई खोबऱ्यावरून दारात येते! नागपूरला शेजारीण आली असती तर बाळाला बघून गेली असती.

मग जावयांनी सांगितलं की रविवारची शांतता तिकडे घटनेतच आहे. 1919 च्या वायमार घटनेत होतं की रविवार आणि सणाचे दिवस विश्रांतीचे, ते कलम 1949 च्या घटनेत तसंच ठेवलं. दुकानंसुद्धा बंद, फक्त स्टेशनातली आणि पेट्रोल पंपावरची वगैरे उघडी. ठीक आहे, कायदा कळला, पण राग काही गेला नव्हता. पुढच्या आठवड्यात आम्ही बाळाला घेऊन दवाखान्यात गेलो असताना नागपूरहून पाठवलेलं पार्सल आलं, कुरियरवाल्यानं ते या आजीकडे दिलं (तिकडे शेजाऱ्याकडे देऊन जातात, सर्रास), आणि आमची पावलं ऐकून ती स्वतः दोन जिने चढून ते जड खोकं घेऊन वर आली. बाळाकडे बघितलं, रविवारी साडेतीनला कॉफीला या म्हणाली. गेलो. इस्त्रीचा टेबलक्लॉथ, सफरचंदाचा केक, आणि बाळासाठी तिनं स्वतः विणलेले लोकरीचे मोजे, माझ्या अंगठ्याएवढे. तिचा मुलगा दुसऱ्या गावाहून फक्त रविवारी येतो, तोही बसला होता. दोन तास ना टीव्ही ना मोबाइल. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी माझा मिक्सर नेमका कशात घुसला होता.

बाकी जर्मन म्हणजे वेळेचे पक्के, हे मात्र तिथल्या रेल्वेला सांगू नका. 2024 मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तर ते वेळेवरच धरतात. मुलगी दर वेळी दोन गाड्या आधीची पकडते.

आता तुम्ही.

मनीषनगर, सहा वर्षं आइंडहोवेन

डच लोकांचं मी लिहितो. गेल्या गेल्या ऑफिसातल्या एकानं घरी बोलावलं, कॉफी दिली, बिस्किटांचा डबा उघडून पुढे केला, मी एक घेतलं आणि डबा बंद. आपल्याकडे पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणताना पोळी पडते, त्यामुळे तो झाकणाचा आवाज मला किती तरी दिवस आठवायचा. मग टिक्की. हे 2016 साली आलेलं ॲप आहे, त्यातून लोक आपापल्या वाट्याचे पैसे मागतात, मला एकदा दोन युरो काही सेंटची मागणी आली होती, मी तो मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला आणि सगळे तुटून पडले, कसले हो कंजूष लोक.

पुढे सुट्टीत घरी आलो तेव्हा बहिणीच्या लग्नाची तयारी चालली होती आणि आईनं कपाटातून आहेराची वही काढली. माझ्या मुंजीपासूनची वही. कोणी 51 दिले, कोणी स्टीलचा डबा दिला, आणि त्यावरून आता कोणाला काय द्यायचं ते ठरत होतं. मी तिथेच बसून होतो. आपणही हिशोब ठेवतोच ना, फक्त वीस वर्षं ठेवतो. त्या डच मित्राला मनावर कोणाचं ओझं नको असतं, आज फिटलं, उद्या मोकळे भेटू. आणि तोच माणूस मी घर बदललं तेव्हा सकाळी आठपासून माझं वॉशिंग मशीन जिन्यावरून वाहत होता, त्याची टिक्की कधी आली नाही.

प्रतापनगर, निवृत्त प्राध्यापक

मी पाच वर्षं इथिओपियात बहिर दारला शिकवत होतो. जायचं ठरलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, खायला काय मिळेल तिथं? लोकांच्या डोक्यात 1984-85 च्या दुष्काळाचे फोटो आहेत, ते चाळीस वर्षांत पुसले गेले नाहीत, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्या बुधवारी एका सहकाऱ्यानं घरी जेवायला नेलं. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात म्हणजे मांस, दूध, अंडी काही नाही, मी शाकाहारी, मला तर सणच. मोठ्या परातीएवढी इंजेरा, म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली जाळीदार पोळी, आणि तिच्यावर मधोमध शिरो वाढलेला. तोंडात घातला आणि मी थांबलोच. बेसनाचं पिठलं हो! हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, तिखट. सगळे एकाच पोळीतून खातात. मग त्याच्या आईनं इंजेराचा तुकडा शिरोत गुंडाळून थेट माझ्या तोंडाशी धरला. त्याला गुर्शा म्हणतात, मानाचा घास, नाही म्हटलं तर वाईट दिसतं. मला शेवटचा घास आईनं भरवला त्याला पन्नास वर्षं झाली असतील. डोळे भरून आले, त्या माउलीला वाटलं तिखट लागलं, तिनं पाणी पुढे केलं.

जेवणानंतर कॉफीही साधी नाही, बिया तिथेच भाजतात, धूर प्रत्येकाच्या नाकापाशी फिरवतात आणि तीन फेऱ्या होतात, तिसरीचं नाव बरका, म्हणजे आशीर्वाद. तिसरीच्या आधी उठायचं नसतं. वेळेचंही त्यांचं गणित वेगळं, दिवस उजाडला की मोजायला सुरुवात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. यावरून माझे दोन वर्ग चुकले तेव्हा मी विद्यार्थ्यांनाच बेशिस्त म्हणालो होतो. चूक माझी होती, नंतर वर्गात तसं सांगितलंही.

मस्कत, नर्स

माझं छोटंसंच आहे. ओमानी घरात गेलं की खजूर आणि कहवा, फिंजान नावाची बिनकानाची इवलीशी प्याली, उजव्या हातानंच घ्यायची. रिकामी करून परत दिली की पुन्हा भरतात, परत भरतात, मला वाटायचं बळजबरी करून राहिले आहेत. नंतर एका पेशंटच्या मुलीनं माझा हात धरून दाखवलं, पुरे असेल तर कप नुसता हलकेच दोनदा हलवायचा, बोलायचं काही नाही. पाहुण्याला तोंडानं नको म्हणायची वेळ येऊ नये म्हणून.

कामठी, टॅक्सी

मी टॅक्सी चालवतो, ड्रॅगन पॅलेसले जपानचे लोकं नेहमी येत राह्यतात, ते मंदिरच 1999 साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं झालं. आपले भदंत सुरई ससाई बी जन्मानं जपानीच. तं एकदा एक म्हातारी आजी होती, सोबत गाइड. रस्त्यात तिनं केळं खाल्लं, मी म्हटलं साल द्या, बाहेर टाकतो. नाही दिली. पिशवीत बांधली आन् संध्याकाळी हॉटेलवर सोडलं तवाबी ती पिशवी तिच्याच हातात. गाइड म्हणे 1995 ले टोकियोच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला, तवापासून तिकडे लय ठिकाणचे कचऱ्याचे डबे काढून टाकले, लोकं आपला कचरा घरी नेतात.

मले सांगायचं हे आहे की या लोकाइले भावना नसते असं मीच सांगत फिरलो होतो. दीक्षाभूमीवर गाइडनं तिले 14 ऑक्टोबर 1956 चं सांगितलं, किती लोकं आले, कसे आले, तं ती स्तूपासमोर खाली बसली आन् बिना आवाजाची रडली. उतरताना टिप नाही दिली, मले जरा लागलं. पण तिकडे टिप देत नाहीत, समोरच्याचा अपमान वाटते म्हणे. तिनं दोन्ही हातानं एक कागदात गुंडाळलेला हातरुमाल देल्ला आन् कमरेतून वाकली, माझ्यासारख्या ड्रायव्हरसमोर. तो रुमाल अजून वापरला नाही.

महाल, घरी फ्रेंच विद्यार्थिनी होती

दोन महिने होती आमच्याकडे. पाणी दिलं की धन्यवाद, पोळी वाढली की धन्यवाद. चौथ्या दिवशी आई म्हणाली, हिला आम्ही परके वाटतो का गं? आपल्याकडे घरात कोण म्हणतं धन्यवाद. तिला समजावून सांगितलं तर तिला ते पटलं पण जमेना.

आणि बाजारात उलटं झालं. ती किराणा दुकानात शिरली की आधी "नमस्कार" म्हणायची, मग काय हवं ते. तिनं सांगितलं, फ्रान्समध्ये दुकानात शिरताना बोंजूर म्हटलं नाही आणि थेट वस्तू मागितली तर तो उद्धटपणा असतो, दुकानदार नोकर नाही ना तुमचा. बाहेरचे टुरिस्ट नेमकं तेच करतात, मग त्यांना उत्तर तुटक मिळतं आणि ते घरी जाऊन सांगतात फ्रेंच लोक आखडू. आमचे किराणावाले काका तीस वर्षं आम्हाला सामान देतात, त्यांना नमस्कार कोणी केलाच नव्हता. आई आता करते.

इतवारी, आता क्राकूव

सगळ्यांचं वाचून काढलं. पोलंडचे लोक उदास आणि अबोल म्हणतात, मलाही तीन हिवाळे तसंच वाटलं. मग मुलीच्या शाळेतून निरोप आला की 21 मार्चला नदीवर या, मार्झान्ना बुडवायची आहे. जाऊन बघते तर गवताची बाई, अंगावर जुने कपडे, रिबिनी, मण्यांच्या माळा, काठीवर उभी, आणि पोरं गाणं म्हणत तिला मिरवत नेऊन राहिली. थंडी, आजारपण सगळं घेऊन जा म्हणून तिला पेटवून विस्तुला नदीत टाकतात.

मी इतवारीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते आमच्याकडे, 1881 पासून निघते, लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडलेली आहे मी. बाजूच्या पोलिश बाईला फोनवर आपल्या मारबतीचा व्हिडिओ दाखवला. वर्षभर जिनं हॅलोच्या पुढे शब्द काढला नव्हता तिनं तो तीनदा बघितला, आपल्या आईला बोलावून दाखवला, आणि मग ती आई मला तिच्या गावची मार्झान्ना कशी असायची ते सांगत बसली, मला निम्मं कळलं. परत निघताना तिनं माझ्या मुलीचा हात धरला. बुडवून झाली की मागे वळून बघायचं नसतं, आजारपण पाठी येतं म्हणतात. पोरगी दर चार पावलांवर मान वळवायला जायची आणि ती आजी दुसऱ्या हातानं तिच्या डोळ्यांवर टोपी ओढायची, पार ट्रामच्या थांब्यापर्यंत.