झोप उडवणारे सिनेमे पाहायचे की टाळायचे?

दादरकर
आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत एका रात्री पडदा लावून सिनेमा दाखवतात. यंदा मी ‘फँड्री’ सुचवला. “सणासुदीला असलं कशाला, माणसं उठून जातील,” म्हणून तो बाद झाला. हे सगळीकडेच ऐकू येतं, म्हणून धागा काढतोय. माझं मत ठाम आहे: ज्या सिनेमानं झोप उडते तो चुकवू नये, आणि पाहायचा तर चारचौघांत बसून.

‘फँड्री’त डुकरामागे धावणारं जब्या या दलित पोराचं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर समोरून निसटतं. आधी हसू फुटतं. मग ते घशातच अडकतं, कारण पडद्यावर गावातली पोरंही याच कुटुंबाला हसत असतात. जब्यानं शेवटी भिरकावलेला दगड तर थेट कॅमेऱ्यावर येतो. मोबाइलवर एकट्यानं पाहिलं तर तो चुकवता येतो. शेजारी ओळखीची माणसं बसलेली असली की नाही चुकवता येत.

परळची
असहमत, आणि रागानंच लिहितेय. मी नर्स आहे, अपघात विभागात. रुळांवरून आणलेली माणसं आमच्याकडे येतात, आणि मागून धावत आलेल्या बायकोला बाकड्यावर बसवून पाणी देणं हेही माझंच काम. रात्रपाळी करून घरी आलेल्या माणसाला ‘चुकवू नये’ म्हणून सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मला संध्याकाळी हसायचं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरं, आधी सांगत का नाहीत? २०१६ साली ‘सैराट’ला बहिणीला घेऊन गेले. ‘झिंगाट’वर अख्खं थिएटर नाचलं आणि शेवटी ते. ओटीटीवर २०२१च्या नियमांपासून वयोगटाबरोबर आत काय आहे तेही लिहावं लागतं. थिएटरातही तसंच हवं.

गोरेगाव_एडिटिंग
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण ‘सैराट’चा शेवट आधी सांगितला तर त्यात उरतं काय? जातीबाहेर लग्न केलेली आर्ची माहेरच्या माणसांना चहा करून देते. खून दिग्दर्शक दाखवतच नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं पोर परत येतं, आत पाहतं, आणि रडत बाहेर निघतं तेव्हा फरशीवर लाल पावलं उमटत जातात. आवाज पूर्ण काढून टाकलाय. गाण्यांनी दणाणलेल्या सिनेमात ती शांतता किती विचार करून ठेवलीय ते आमच्या धंद्यातल्या माणसाला कळतं. तुम्ही बेसावध होतात, कारण आर्ची बेसावध होती.

याउलट गास्पार नोएचा ‘इर्रिव्हर्सिबल’ (२००२). त्यात बलात्काराचा प्रसंग जवळजवळ नऊ मिनिटं, एकाही कटशिवाय. तो बघताना मला फक्त दिग्दर्शकाची हिंमत दिसत होती, ती बाई दिसेनाशी झाली. हे टाळलंत तर काही बिघडत नाही.

मुलुंड_शिक्षिका
नेमकं याच कारणासाठी मला ‘बँडिट क्वीन’ (१९९४) पटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं की त्यातली नग्नता किळस यावी म्हणून आहे, चाळवायला नाही. ठीक. पण जिच्यावर तो काढला ती फूलनदेवी जिवंत होती आणि तो दाखवू नये म्हणून तीच दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. आपल्याला अस्वस्थ व्हायला मिळावं म्हणून तिची विटंबना तिची संमती नसताना पडद्यावर का मांडायची? पुढे तडजोड झाली, तरी माझा प्रश्न संपत नाही.

चेंबूर_२२
सगळ्यांनाच एक विचारतो. अस्वस्थ होतं कोण? माझे वडील महापालिकेच्या सफाई खात्यात होते. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची विधवा साक्ष देते: उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं धरायचा. थिएटरात हळहळ उठली. शेजारी बसलेली माझी आई म्हणाली, “बरोबर दाखवलंय.” बास.

मैला हातानं उपसण्यावर बंदीचा कायदा २०१३चा आहे आणि गटारात माणसं अजून मरतात. म्हणून दादरकर, तुमचं निम्मं पटतं. दाखवा, जरूर दाखवा. पण पाहून हळहळलो म्हणजे आपलं काम झालं असं समजणारे प्रेक्षक मला न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त खुपतात. परळच्या ताई निदान रोज कुणाला तरी पाणी देतात.

दादरकर
चेंबूर, हळहळीवर थांबू नये हे मान्य. पण हळहळही न वाटलेला माणूस पुढचं पाऊल कशाला टाकेल?

शिक्षिकाबाई, तुमच्या प्रश्नाला ‘आक्रोश’ (१९८०) हे माझं उत्तर. बायकोच्या खुनाचा आळ आलेला लहान्या जवळजवळ सगळा सिनेमाभर तोंड उघडत नाही. बापाच्या अंत्यविधीला हातकड्यांतून मोकळा होतो आणि स्वतःच्या बहिणीवरच कुऱ्हाड घालतो, कारण बड्या लोकांनी बायकोवर केला तोच अत्याचार तिच्यावरही होणार हे त्याला दिसतंय. मग तो ओरडतो. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि गोविंद निहलानींनी काढलेला तो शेवट पाहून माझ्या मनात दिग्दर्शकाचं कौतुक आलं नाही, वकिलांची आणि पुढाऱ्यांची चीड आली. चीड कुणाची येते यावर मी सिनेमा जोखतो. आणि परळच्या ताई, आत काय आहे ते सांगणारी पाटी थिएटरबाहेर लावायला माझी ना नाही.

गोरेगाव_एडिटिंग
माझी आहे. ‘घरच्यांकडून हिंसा’ एवढं लिहिलंत तरी ‘सैराट’ पहिल्या गाण्यातच उघडा पडतो.

परळची
पडू दे. माझ्या त्या बहिणीनं घरच्यांच्या विरोधात जातीबाहेर लग्न केलंय. नंतर कित्येक दिवस दाराची बेल वाजली की ती आधी खिडकीतून बघायची. तिला ती पाटी तिकीट काढण्याआधी हवी होती. तुमच्या शेवटाचा धक्का थोडा कमी झाला तरी मला चालेल.